तिसरा बुरूज

सहावीच्या वर्गात हिंदीच्या तासाला विलोम, म्हणजे विरुद्धार्थी, शब्द चालले होते आणि तृप्तीचं लक्ष घड्याळाकडे होतं. दिन का रात, ऊपर का नीचे, मुलं पाढे म्हणावेत तशी ओरडत होती, आणि असीरगढच्या त्या शाळेत गुरुवारच्या शेवटच्या तासाला कुठल्याही बाईंना जेवढा उत्साह असतो तेवढाच तिलाही होता. तोंडाला आलं म्हणून तिने विचारलं, "उलटा का विलोम?" "सीधा," सगळा वर्ग म्हणाला. दुसऱ्या बाकावरची अमृता, जी एरवी पेन्सिल चावण्यापलीकडे फारसं काही करत नसे, ती मात्र उठून उभी राहिली. "मॅडम, कौनसा उलटा? हाथवाला की कपडेवाला?" वर्ग हसला. तृप्तीही हसली, "बैठो" म्हणाली, आणि फळ्याकडे वळली. वळली खरी, पण खडू फळ्याला टेकला तो तिथेच राहिला. मागे मुलं गोंधळ घालायला लागली, कोणीतरी कोणाचं दप्तर ओढलं. त्या पोरीने विचारलं ते तिने स्वतः कधी विचारलंच नव्हतं. तीन महिने घरात दिवसातून वीस वेळा तोच शब्द ऐकूनही नाही.

बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली तरी तिला बाहेरचं काही दिसलं नाही. बुऱ्हाणपूरकडे डाव्या हाताला कोणी डावा म्हणत नाही. उजवा तो सीधा हात, डावा तो उलटा हात. हिंदी बोला की मराठी, घराघरात हेच. तृप्तीचं माहेर जळगावचं. लग्न होऊन बुऱ्हाणपुरात, बुधवारा पेठेतल्या या घरात आली तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, उलट्या हाताला डाळीचा डबा आहे बघ, आणि ती नवी नवरी स्वयंपाकघरात आपल्या हाताची पाठ निरखत उभी राहिली होती. त्यावर घर दोन दिवस हसत होतं. नवरा, मोहित, तर जेवताना मुद्दाम म्हणायचा, उलट्या हाताने वाढ. म्हणजे हा शब्द दोन तोंडांचा आहे हे तिला अठरा वर्षांपूर्वीच कळलं होतं. आणि आता ती स्वतः इतकी इथली झाली होती की एक तोंड साफ विसरून गेली होती. निंबोल्याला बस थांबली, दोन बाया केळीचे घड घेऊन चढल्या, कंडक्टर घडांवरून त्यांच्याशी वाद घालू लागला. तृप्तीने डोळे मिटून घेतले. तसं काही नसेलही, तिने स्वतःला बजावलं. उगाच आशा करायची आणि रविवारी तोंडावर पडायचं.

रविवारी विपुल गाडी घेऊन येणार होता. विपुल तिचा धाकटा दीर, इंदूरला असतो, स्वभावाने वाईट मुळीच नाही. वाईट असता तर त्याच्याशी भांडणं सोपं गेलं असतं. "वहिनी, दादाला आता समजत नाही," तो दर फोनला म्हणायचा, "तुम्ही कितीक दिवस असं करून राहणार? त्याला काय, इथं तिथं सारखंच. तुम्ही मात्र मरून जाल." इंदूरला त्याच्या घराजवळ अशा माणसांना ठेवून घेणारं एक केंद्र होतं, चोवीस तास नर्स, व्यायामाची यंत्रं, खोलीसुद्धा ठरली होती. तृप्तीचं म्हणणं एवढंच होतं की त्यांना समजतं, आणि ज्याला समजतं त्याला न विचारता उचलून न्यायचं नाही. पण समजतं याला पुरावा काय? गेल्या दिवाळीच्या चार दिवस आधी मोहितला लकव्याचा झटका आला, उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. डॉक्टरांनी पेन दाखवून विचारलं, हे पेन आहे का, तर त्याने मान डोलावली. चावी दाखवून विचारलं, हे पेन आहे का, तरी डोलावली. हो म्हणायची मान आणि नाही म्हणायची मान यांच्यातली तार कुठेतरी तुटली होती. डॉक्टर तृप्तीला बाजूला घेऊन म्हणाले, घरच्यांना वाटत राहतं की समजतं, तसं वाटणं साहजिक आहे. त्या साहजिक शब्दाचा तिला इतका राग आला की औषधाची चिठ्ठी तिथेच विसरून ती जिना उतरली होती.

आणि ते जहाज. लोकांना त्याचंही हसू यायचं. मोहित आयटीआयमध्ये फिटर शिकवायचा. पोरांना कानस धरायला शिकवण्यात त्याची वीस वर्षं गेली होती. समुद्र त्याने जन्मात एकदाच पाहिला, मुंबईला एका लग्नाला गेले होते तेव्हा, आणि पाहून म्हणाला होता, पाणी बरंच आहे. तेव्हा या माणसाने जपानी लढाऊ जहाजाचा खोका मागवला हे पाहून तृप्तीने कपाळाला हात लावला होता. त्याने फोनवर फोटो दाखवला. फुसो नावाचं जहाज, शंभर वर्षांपूर्वीचं, मोठ्या लढाईत बुडालेलं. त्याच्या मधोमध एक मनोरा होता, मजल्यावर मजला, त्यावर आणखी मजला, जणू बांधणाऱ्याला थांबायचं कळलंच नव्हतं. "हे बघ," तो म्हणाला होता, "माझ्या एखाद्या पोरानं असं ड्रॉईंग काढलं तर मी नापास करीन. आणि हे एकोणतीस वर्षं तरंगून राहिलं." त्याच्या आवाजात असा काही आदर होता की तिचा कपाळावरचा हात खाली आला. खऱ्याच्या साडेतीनशेपट लहान, तरी दोन फूट लांब. शेकडो भाग, प्लॅस्टिकच्या चौकटींना चिकटलेले. एकेक कापायचा, घासायचा, रंगवायचा, चिमट्याने लावायचा. तो रोज संध्याकाळी तासभर बसायचा. तळ जोडून झाला होता, पाण्याखालचा भाग लाल, वरचा करडा, मनोरा चौथ्या मजल्यापर्यंत आला होता. मग दिवाळी आली.

मेमध्ये शाळेला सुट्टी लागली आणि मोहितच्या भिंतीला लागलेल्या नजरेशी बोलून बोलून ती थकली. एका दुपारी तिने कपाटावरून खोका खाली घेतला, धूळ झटकली आणि टेबल ओढून त्याच्या पलंगाला लावलं. त्याची नजर भिंतीवरून निघाली आणि टेबलावर येऊन बसली. बस, एवढंच झालं. पण तृप्तीने ते पाहिलं आणि ती हट्टाला पेटली. हिंदीची मास्तरीण, जिने आयुष्यात सुईत दोरा ओवण्यापलीकडे बारीक काम केलं नव्हतं, ती चष्म्यावर भिंग बांधून बसू लागली. पहिल्या आठवड्यात तिने तीन शिड्या मोडल्या आणि एक नांगर कायमचा फरशीच्या फटीत घालवला. कठडे पितळेचे होते, केसाएवढे बारीक आणि तीन मिलिमीटर उंच. ते वाकवताना श्वास रोखावा लागे, आणि श्वास सोडला की कठडा उडून जाई. तिने हिशेब केला होता, या जहाजावर ती स्वतः उभी राहिली तर साडेचार मिलिमीटर भरेल आणि मोहित पाचाला थोडा कमी. तेवढ्या उंचीच्या दोन माणसांना त्या मनोऱ्याच्या कुठल्या मजल्यावर बरं वाटेल, याचा ती कधीकधी विचार करायची. काम चुकलं की मोहितचा श्वास जोरात व्हायचा आणि जमलं की पापण्या जड व्हायच्या. तिने हे थेरपीच्या मोनाली मॅडमना सांगितलं तेव्हा त्या गोड हसल्या होत्या. तृप्तीला त्या हसण्याची सवय होऊन गेली होती. जूनमध्ये शाळा सुरू झाली, तरी संध्याकाळचा तास तिने चुकवला नाही. लोक देवळात जायचे, ती जहाजावर जायची.

या मोनाली मॅडम खंडव्याहून मंगळवारी यायच्या. "सर, उलटा हाथ उठाइए. उलटा हाथ, सर. शाब्बास." चांगला हात तो डावाच राहिला होता, तेव्हा घरात जिकडे तिकडे उलटा हात सुरू झालं. रंभाबाई, जी तृप्ती शाळेत असताना मोहितजवळ बसायची, तीही घास भरवण्याआधी म्हणायची, भाऊ, उलट्या हातानं चमचा धरा. आणि मग जुलैत, जहाजाचं काम निम्म्यावर आलं असताना, एका संध्याकाळी मोहितच्या तोंडातून आठ महिन्यांनी पहिला शब्द बाहेर पडला. "उलटा." स्पष्ट, खणखणीत. तृप्तीच्या हातातला चिमटा गळून पडला. तिने त्याचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि रडत रडत म्हणाली, "हो, हो, उलटा हात, शाब्बास." दुसऱ्या दिवशी मावा जलेबी आणली, आळीत वाटली, विपुलला फोनवर ऐकवलं. पण पुढे दुसरा शब्द आलाच नाही. तोच तो, उलटा, उलटा, दिवसातून दहा वेळा, वीस वेळा, कधी चिडून, कधी डोळ्यांत पाणी आणून. मोनाली मॅडमनी समजावलं की अशा पेशंटला एखादा शब्द अडकून बसतो, फार ऐकलेला शब्द असतो तो, त्याला अर्थ नसतो, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. विपुल म्हणाला, बघा, मी काय सांगून राहिलो. जलेबी वाटली त्याची तृप्तीला नंतर लाज वाटली होती.

बस गावात शिरून शनवारा चौकात वळली आणि तिला ती जुलैमधली संध्याकाळ नीट आठवली. अगदी चिमट्यात काय होतं इथपर्यंत. चिमट्यात तिसरा बुरूज होता.

मोहित त्याला टरेट म्हणायचा. ती रोज असीरगढचा किल्ला बघत शाळेत जाणारी, तिने त्यांना बुरूज म्हणायला सुरुवात केली. जहाजावर असे सहा होते, प्रत्येकात दोन तोफा, आपल्या खळग्यात बसवले की बोटाने गरगर फिरणारे. दोन मनोऱ्याच्या पुढे, नाळेकडे म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे तोंड करून. बाकीचे मागे, शेपटीकडे तोंड करून. तिने इंटरनेटवर एका माणसाचा व्हिडिओ लावून पाहिला होता, बोलणं सगळं जपानी, पण हात दिसत होते. त्यानेही तसेच बसवले होते. शिवाय साधी अक्कल सांगत होती. तिसरा बुरूज मनोऱ्याच्या लगेच पाठीशी होता. त्याचं तोंड पुढे केलं तर तोफा थेट मनोऱ्यावर रोखल्या जाणार. स्वतःच्याच घरावर कोण तोफ रोखून ठेवतं? तिने तोंड मागे करून तो खळग्यात ठेवला आणि त्याच क्षणी मोहित बोलला. उलटा. आणि त्याच्यानंतर हे सुरू झालं की ती पाणी आणायला उठली की त्याचा डावा हात टेबलावर यायचा, आणि परत येऊन बघते तर तो बुरूज अर्धा फिरलेला. एकदा नाही, रोज. हाताला आवर नाही, धक्का लागतो, असं तिला वाटायचं. ती हसून बुरूज परत मागे फिरवायची, त्याचा हात चादरीवर ठेवायची आणि म्हणायची, उलटा हात छान चालायला लागला की. सप्टेंबरात ती या फिरण्याला कंटाळली. तिने ग्लूचा एक थेंब खळग्यात टाकला आणि बुरूज पक्का करून टाकला. त्या संध्याकाळी मोहितने भिंतीकडे तोंड केलं होतं आणि जेवला नव्हता. ताप आहे का म्हणून तिने थर्मामीटर लावला होता.

ती घरात आली तेव्हा रंभाबाई पदर खोचून निघायच्याच बेतात होती. "भाऊ चांगले जेवले आज," ती म्हणाली, "पण सकाळपासून चिडून राहिले. मी म्हटलं, ताई येईल मग काय ते सांगा. त्यांना सगळं समजतं, मी सांगते तुम्हाला." रंभाबाई हे रोजच म्हणायची, कुत्र्यामांजरांबद्दलही म्हणायची, त्यामुळे तिची साक्ष कोणी धरत नसे. ती गेल्यावर तृप्तीने पर्स खुर्चीवर टाकली, हातपायही धुतले नाहीत, खोक्याच्या तळाशी घडी घालून ठेवलेला सूचनांचा मोठा कागद काढला आणि पलंगाच्या पायथ्याशी पसरला. भागांचे आकडे बघण्यापुरताच तिने तो आजवर उघडला होता. शेवटच्या घडीत वरून दिसणाऱ्या जहाजाचं बोटभर चित्र होतं. तिने भिंग लावलं. एक, दोन, मनोरा, तीन. तिसऱ्याच्या तोफा मनोऱ्याकडे होत्या. खाली दोन ओळी जपानीत. तिने त्यांच्यावर फोन धरला. फोनने तोडकंमोडकं सांगितलं की तीन नंबर पुढे बघतो, भगिनी जहाजावर मात्र मागे बघतो. फोन खिडकीत ठेवता ठेवता तिला उमगलं, त्या माणसाचा व्हिडिओ या बहीण-जहाजाचा होता. आणि तेव्हा तिला आठवलं, ती कणीक मळत होती आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून मोहित विचारत होता, "याची एक बहीण आहे, यामाशिरो. दोघींतला फरक कसा ओळखायचा, सांग." ती म्हणाली होती, मला नाही माहीत, तुम्ही आधी भाजी आणा. तो भाजी आणायला गेला होता. उत्तर त्याने कधी सांगितलं नाही, तिने कधी विचारलं नाही, आणि एवढ्यानेच केवढं झालं, असं तिच्या मनात आलं.

मोहित तिच्याकडे बघत होता. कागदाकडे नाही, तिच्याकडे. तिला त्याच्याशी काही बोलावंसं वाटेना. आधी हात, मग तोंड, असं तोच पोरांना शिकवायचा. तिने पात्याची सुरी घेतली आणि बुरुजाच्या बुडाशी लावली. ग्लू पक्का होता, ती काम पक्कं करणारी बाई होती. पातं आत घालून किंचित हलवायचं, बाहेर काढायचं, पुन्हा घालायचं. लाकडासारख्या रंगवलेल्या डेकवर एक ओरखडा उठला, तिने जीभ चावली आणि थांबली नाही. एक तोफ मोडून उडाली. जाऊ दे, ती म्हणाली, नंतर बघू. बाहेर कुठल्यातरी कारखान्यात मागांची खटखट चालली होती, तिच्या कपाळावरून घाम भिंगात उतरत होता. अखेर बारीकसा आवाज झाला आणि बुरूज सुटला. तिने खळगा घासून साफ केला, बुरूज परत ठेवला, जसा तिने लावला होता तसाच, तोंड मागे. आणि हात मांडीवर घेऊन बसली. मदत करायची नाही, शाब्बास म्हणायचं नाही. मोहितचा डावा हात चादरीवरून उठला, टेबलाच्या कडेला अडखळला, मोडलेल्या तोफेवरून पुढे सरकला. एका बोटाने त्याने बुरूज फिरवला. सावकाश, मोजून, तोफ मनोऱ्याकडे येईपर्यंत. मग त्याने हात मागे घेतला. तो काही बोलला नाही. तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्याला तो शब्द म्हणायची गरज उरली नव्हती.

तृप्तीला आनंद झाला, आणि तो पुरता व्हायच्या आतच त्याच्या पाठोपाठ दुसरं काहीतरी आलं. एवढं समजत होतं म्हणजे सगळंच समजत होतं. डॉक्टरांचं साहजिक समजत होतं. विपुलचं इथं तिथं सारखंच समजत होतं. आणि या खोलीत, या खिडकीपाशी, कारण घरात रेंज तेवढीच एका जागी येते, ती एप्रिलमध्ये सुमनताईशी, जळगावच्या तिच्या बहिणीशी, बोलली होती. मोहित हातभर अंतरावर होता. त्या दिवशी तिने चार वेळा चादर बदलली होती आणि शाळेत जायला दोन तास उशीर झाला होता. ती म्हणाली होती, "ताई, त्याच दिवशी गेले असते ना, तर दोघंही सुटलो असतो." बोलून झाल्यावर तिने पडदा सरळ केला होता, मोहितकडे बघितलंही नव्हतं, भिंतीकडे बघणाऱ्या माणसाकडे काय बघायचं. अकरा महिने ती सगळ्यांशी भांडत होती की यांना समजतं, आणि स्वतः मात्र एकदा, फक्त एकदा, समजत नाही हे धरून बोलली होती. उठून स्वयंपाकघरात जावं, चहा ठेवावा, आजचा दिवस राहू द्यावा, असं तिला फार वाटलं. रविवारला अजून दोन दिवस होते. पण तिने अकरा महिने जे मागितलं ते समोर आल्यावर पळून जाणं तिला जमण्यासारखं नव्हतं.

"हे बघा," ती म्हणाली. तिचा आवाज वर्गातल्यासारखा निघाला. "मान डोलवू नका, तुमची मान खोटं बोलते. हा बुरूज धरा. हो असलं तर तोफ पुढे. नाही असलं तर मागे. समजलं?" तोफ पुढेच होती. त्याने ती मागे नेली आणि परत पुढे आणली, म्हणजे हे उत्तर आहे याबद्दल शंका नको. "आज गुरुवार आहे?" पुढे. "मी वेणी घातलीय?" त्याने तिच्या अंबाड्याकडे अंमळ निरखून पाहिलं, आणि मागे. "रंभाबाई चहात साखर जास्त टाकते?" त्याने बुरूज इतक्या जोरात पुढे मारला की मनोरा हलला. तृप्तीला हसू फुटलं आणि हसता हसताच डोळे भरून आले, तेव्हा तिने पदराने चष्मा पुसला, परत घातला आणि विचारलं, "एप्रिलमध्ये मी सुमनताईशी फोनवर बोलले होते. तुमच्याबद्दल. ते ऐकलं होतंत?"

आधी त्याने बुरूज मधोमध आडवा नेला, समुद्राकडे. मग पुढे.

"मी तसं म्हणायला नको होतं," ती म्हणाली. "पण म्हणाले. त्या दिवशी मनापासून म्हणाले, आता खोटं सांगत नाही. दुसऱ्या दिवशी मनात नव्हतं. आजही नाही." याला हो-नाहीचं उत्तर नव्हतं, म्हणून बुरूज हलला नाही, पण मोहितचं बोट त्यावरून निघालंही नाही. तो तिच्याकडे बघत होता आणि त्या बघण्यात राग नव्हता. फिटरच्या पोराने माप चुकवलं आणि स्वतः येऊन सांगितलं की तो असाच बघायचा. तिला वाटलं, आता शेवटचं विचारायचं आणि मोकळं व्हायचं. उत्तर तर तिला ठाऊकच होतं. "विपुलभाऊजी रविवारी येतायत. इंदूरला न्यायचं म्हणतायत तुम्हाला. तुम्हाला जायचंय?"

तोफ पुढेच होती. त्याने ती मागे नेली, आणि तिने सुटकेचा श्वास सोडायला तोंड उघडलं तोच त्याने ती पुन्हा पुढे आणली आणि बोट उचललं.

"म्हणजे हो?" मागे, पुढे. हो. "तिथं आवडेल तुम्हाला?" मागे. "मग कशाला? माझ्यासाठी?" पुढे. "मी दमले म्हणून?" पुढे. ती थक्क होऊन त्या एका तोफेच्या बुरुजाकडे बघत राहिली. अकरा महिने ती या माणसाच्या बाजूने सगळ्यांशी लढली आणि हा बसल्या जागी शत्रूला जाऊन मिळाला होता. तिला संताप आला. खरा, जुना, लग्नाच्या तिसऱ्या वर्षातला वाटावा असा संताप, ज्याची तिला आठवणही राहिली नव्हती. "मला विचारलंत?" ती म्हणाली. "मी काय करायचं ते तुम्ही ठरवणार? शाळेतून येऊन मी या घरात भिंतीशी बोलू?" तिने हात पुढे केला आणि बुरूज आपल्या बोटाने मागे फिरवला. नाही. त्याने पुढे फिरवला. हो. तिने मागे. त्याने पुढे, आणि नाकातून जोरात श्वास सोडला. "ओरडू नका," ती म्हणाली. "मला पण ओरडता येतं. दमले तर दमले, झोप काढीन. तुम्ही दमत नव्हता त्या पोरांना शिकवून? गेलात तुम्ही इंदूरला?" बुरुजावर आता दोघांची बोटं होती. त्याचं बोट अशक्त होतं पण हटत नव्हतं, आणि तिला कळत होतं की तिने जोर केला तर तो हरेल, म्हणून ती जोर करत नव्हती. त्याच्या डाव्या गालावर लाली चढली होती. त्याचे डोळे चिडले होते, हट्टी होते, अगदी त्याचेच होते. असं कोणी तिला अकरा महिन्यांत अडवलं नव्हतं, आणि तिला किती बरं वाटत होतं हे तिने त्या क्षणी मुळीच दाखवलं नसतं.

फोन वाजला. सात वाजता विपुलचा फोन यायचाच. तृप्ती उठली नाही, उजवा हात लांब करून तिने तो खिडकीतून उचलला. डावं बोट बुरुजावर होतं तिथेच राहिलं.

"वहिनी, रविवारी मी दहापर्यंत पोहोचून जातो," विपुल म्हणाला. "दादाचं सामान तेवढं बांधून ठेवा. तिकडे सगळं फायनल झालंय."

"भाऊजी, रविवारी येऊ नका."

"अरे, का? काय झालं?"

"काही झालं नाही. इथं भांडण चाललंय. संपलं की कळवते."

"भांडण? कोणासोबत?"

"तुमच्या दादासोबत," ती म्हणाली.

विपुल हळूच म्हणाला, "वहिनी, तुम्ही ठीक आहात ना?" पण तोवर मोहितने तिचं लक्ष नाही असं बघून बुरूज पुढे सरकवला होता. तृप्तीने फोन बंद केला, खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि बुरूज मागे फिरवला.

"हं," ती म्हणाली, "बोला आता."